सेक्रेटरींचा डावा कान

साडूंच्या पत्राला मी उत्तर पाठवलेलं नाही, हे आमच्या घरात सगळ्यांच्या लक्षात होतं. सगळ्यांच्या म्हणजे बायकोच्या. घरात आम्ही दोघंच असतो आणि लक्षात ठेवण्याचं खातं तिच्याकडे आहे.

पत्र साधं नव्हतं. आमचे साडू निवृत्त झाल्यापासून साधं काही करतच नाहीत. हातकागदाची चार पानं, बोरूने लिहिलेली, प्रत्येक अक्षर आंघोळ करून, भांग पाडून उभं राहिल्यासारखं. सुलेखन ते नव्याने शिकले होते आणि त्यासाठी त्यांनी फोनवर बोलणं सोडलं होतं. पहिल्या पानावर पोहणं होतं. ते आता पाण्यात उताणे तरंगतात आणि तरंगताना त्यांना बरेच विचार सुचतात. ते विचार पानाच्या उरलेल्या भागात होते. दुसऱ्या पानावर बासरी, तिसऱ्यावर गच्चीत पाळलेल्या मधमाश्या. माश्या त्यांना ओळखू लागल्या होत्या, असं ते लिहितात. चौथं पान जवळजवळ कोरं होतं. मधोमध एकच ओळ होती: "आपण सध्या काय करता?"

निवृत्त माणसाला हा प्रश्न विचारू नये. विचारायचाच तर हवापाण्याच्या चौकशीत कुठेतरी दडपून विचारावा. एवढ्या कोऱ्या पानाच्या मध्यावर उभा करून विचारू नये.

मी जन्मभर मुद्रितशोधक होतो. म्हणजे छापखान्यात बसायचं, दुसऱ्यांनी लिहिलेलं छापण्याआधी वाचायचं आणि चुकांवर लाल खुणा करायच्या. शाळेची पुस्तकं, गाड्यांची वेळापत्रकं, औषधांच्या पुड्यांवरचे इशारे, असं पुष्कळ काही माझ्या नजरेखालून गेलं. माझं स्वतःचं एकही वाक्य कुठे छापलेलं नाही. निवृत्तीनंतरही मी हे काम हौसेखातर चालू ठेवलं होतं. सकाळच्या पेपरातल्या चुकांवर लाल पेन्सिलीने खुणा करायच्या आणि तो पेपर रद्दीत ठेवायचा. पोहणाऱ्या, बासरी वाजवणाऱ्या, माश्यांच्या ओळखीच्या माणसाला हे कळवायचं कसं?

तरी एकदा कागद घेऊन बसलो. "सध्या वाचन चालू आहे," असं लिहिलं. मग 'सध्या' खोडलं, कारण ते आधीपासून चालूच होतं. 'चालू आहे' जरा फुशारकीचं वाटलं, तेही खोडलं. 'वाचन' एवढंच उरलं. एकट्या शब्दाला पाकिटात घालून इतक्या लांब पाठवणं बरं दिसेना.

"ताईचा फोन होता," बायको म्हणाली. "विचारत होती, तुझे हे बरे आहेत ना?"

"मग तू काय सांगितलंस?"

"बरे आहेत म्हटलं. पत्र लिहितायत म्हटलं. तर म्हणते, इतके दिवस लिहितायत म्हणजे ग्रंथच येणार बहुतेक. भाऊजींनी म्हणे कपाटात जागा करून ठेवलीय." मग जरा थांबून ती म्हणाली, "अहो, काहीतरी करा. म्हणजे लिहिता येईल."

मला तेवढंच हवं होतं. फार नाही, मी स्वतः केलेल्या एका गोष्टीविषयी एक खरं वाक्य. ते मिळालं की पत्र जाणार होतं.

काय करावं हे शोधायला मी वाचनालयात गेलो. दुसरीकडे कुठे जायचं असतं हे मला ठाऊक नाही. तिथे चित्रकलेवरच्या एका जाडजूड पुस्तकात मला एक वाक्य सापडलं. एक्सप्रेशनिस्ट पद्धतीच्या व्यक्तिचित्रात चेहरा हुबेहूब यावा लागत नाही. चित्रकाराला आतून काय वाटलं ते आलं म्हणजे झालं. मी ते वाक्य पुन्हा वाचलं, त्यात छपाईची चूक नाही याची खात्री केली आणि घरी येऊन बायकोला समजावून सांगितलं.

"म्हणजे येत नसलं तरी चालतं," ती म्हणाली.

"तसं नाही. त्यामागे एक विचार आहे."

"मग करा. तुमच्याकडे विचार भरपूर आहेत, बाकीचंच नाही."

मी चित्रकलेचा वर्ग लावला, तो एका गादीच्या दुकानावर होता. जिन्यात कापूस उडायचा, त्यामुळे सगळे विद्यार्थी शिंकत वर यायचे आणि शिकवणाऱ्या बाईंना कोण आलं ते शिंकेवरून कळायचं. बाई आमच्या मुलीपेक्षाही लहान होत्या. त्या मला 'काका' म्हणायच्या आणि मी त्यांना 'बाई'. यात शिस्तीला बाधा येत नव्हती. माझ्या शेजारी एक दंतवैद्य बसायचे. सज्जन माणूस, पण त्यांनी काहीही काढलं तरी त्याचं तोंड उघडं असायचं.

पहिल्या दिवशी बाईंनी एक पोचे पडलेली किटली समोर ठेवली. "किटली काढायची नाही," त्या म्हणाल्या. "किटलीबद्दल तुम्हाला काय वाटतं ते काढायचं."

मला किटलीबद्दल काहीच वाटत नव्हतं. मी आत खोलवर शोधलं, तरी तिथे किटलीविषयी एक अवाक्षर नव्हतं. दंतवैद्यांची किटली एव्हाना आ वासून किंचाळू लागली होती. शेवटी मी दिसली तशी किटली काढली, जरा मागे सरकून पाहिली, आणि मग बारीक ब्रश लाल रंगात बुडवून चित्राच्या कडेला काम सुरू केलं.

बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "काका, या खुणा कसल्या?"

"चुकांच्या."

"कोणाच्या?"

"माझ्याच. हा दांडा उजवीकडे सरकायला हवा. झाकणाखाली जागा कमी पडली आहे. आणि हे इथलं सगळं काढून टाकायचं."

"मग काढलं का नाही?"

"मी फक्त खुणा करतो," मी म्हणालो. "दुरुस्ती दुसरे करतात."

बाईंनी लाल खुणा एकेक करून मोजल्या. मग अगदी मायेने म्हणाल्या, "काका, तुम्ही चित्र काढत नाही हो. तपासता."

हे मला लागलं. लागण्याचं कारण म्हणजे त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

घरी करायला त्यांनी एक चेहरा दिला. जिवंत माणूस समोर बसवून, तैलरंगात, जे वाटतं ते. समोर बसायला मी अर्थातच बायकोला विचारलं.

"रंग कोणता लावणार तोंडाला?" तिने विचारलं.

"हिरवा, बहुतेक."

"का?"

"भावनेप्रमाणे."

"इतक्या वर्षांनी माझ्याबद्दल हिरवी भावना?" असं म्हणून ती आत गेली. त्या दिवशी दुपारचा चहा मला मागून घ्यावा लागला.

माणूस मिळेपर्यंत मी नुसता हात बसवायचं ठरवलं. जेवणाच्या टेबलाजवळ चित्र ठेवायचा लाकडी घोडा उभा केला, त्यावर कॅनव्हास ठेवला, जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन वाट्यांत काढलं. टर्पेंटाइनचा वास आमच्या घरात मावला नाही. तो दाराखालून जिन्यात गेला आणि समोरच्या काकूंना घेऊन परत आला.

"दार रंगवताय वाटतं?" काकू म्हणाल्या. "आमचंही घ्या ना हातासरशी. पिस्ता रंगाचा अर्धा डबा उरलाय माझ्याकडे."

"काकू, हे चित्राचे रंग आहेत."

"तेलाचेच ना?"

"हो, तेलाचेच."

"मग! दाराला काय कळतंय!"

वरच्या मजल्यावरचे इंजिनियर आले. त्यांनी नाक वर करून सगळी खोली फिरून पाहिली आणि टेबलफॅन खिडकीकडे पाठ करून लावायचा सल्ला दिला, म्हणजे हवा ओढली जाईल. पंखा लावला. हवा ओढली गेली की नाही ते कळलं नाही, पण सकाळचा पेपर उडून रंगाच्या पाटीवर पालथा पडला. तो मी उचलला, आणि तिथे प्रशियन निळ्याशी माझी ओळख झाली.

हा रंग माणसाला सोडत नाही. वाटाण्याएवढा घेतला तर घरभर पुरतो. मी हात धुतले, तर नळ निळा झाला. नळ पुसला, टॉवेल निळा झाला. बायकोने टॉवेल उचलला आणि कपाळाला हात लावला, मग ते कपाळ. मी खाली पेपरवाल्याकडे जाऊन आलो. ही चूक होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते, काखेत फाइल आणि एक बोट वर.

"लिफ्टचं बटण," ते म्हणाले. "जिन्याचा कठडा. टपालाच्या पेट्या. आणि शेवटी तुमची बेल." ते वर धरलेलं बोट निळं होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मी सेक्रेटरींना घाबरतो. ते उंचीने बेताचे, आवाजाने बारीक, पण त्यांनी नोटीस लावली की माझ्या पोटात गोळा येतो. कुंड्या कठड्यावरून आत घ्याव्यात अशी नोटीस लागली, त्याच दुपारी मी आमच्या कुंड्या थेट न्हाणीघरात नेल्या होत्या. त्यांच्या नोटिशीत ओळीला दोन-दोन चुका असतात. लाल पेन्सिल खिशात असून मी त्यांना कधी हात लावला नाही, यावरून कल्पना यावी.

"अर्ज करावा लागेल," सेक्रेटरी खुर्चीवर बसत म्हणाले. त्यांनी फाइलमधून छापील अर्ज काढला. "गळती, वाळवी, की इतर?"

"इतर."

"इतरमध्ये पाळीव प्राणी येतात. हा प्राणी आहे का?"

"नाही. एक्सप्रेशनिस्ट चित्र आहे."

"चावत नाही?"

"नाही."

त्यांनी तसं लिहून घेतलं. मग घोड्याकडे मान वळवून विचारलं, "चेहरा दिसतोय. कोणाचा?"

"अजून कोणाचाच नाही. माणूस मिळत नाही."

सेक्रेटरींनी पेनाचं टोपण लावलं. खुर्चीत जरा ताठ झाले. गळ्याशी हात नेऊन कॉलर सारखी केली. "या सभेला माझी मुदत संपते," ते म्हणाले. "यापुढे मी उभा राहणार नाही. पलीकडच्या इमारतीत माजी सेक्रेटरींचा फोटो लावलाय. साधा फोटो. आपल्याकडे जर तैलचित्र असेल..." त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं आणि अर्जावर शिक्का मारण्यासाठी हात उचलून तो तसाच हवेत ठेवला.

"पण साहेब, या पद्धतीत चेहरा जमेलच असं नाही."

"तुम्ही नका जमवू. माझा आहे जमलेला."

शिक्का खाली आला. माणूस मिळाला.

रोज संध्याकाळी ते यायचे. मांडीवर फाइल, समोर मी. हलायचं नाही असं सांगितलं होतं, त्यामुळे त्यांचं सगळं हलणं जिभेत जमा व्हायचं. "खिडकी अर्धी लावा. तो ब्रश भिंतीपासून लांब. दिवा विनाकारण चालू आहे." प्रत्येक वाक्याला कॅनव्हासवर रेघ थरथरत जायची. मी सरळ रेघ काढायला ब्रश टेकवावा, आणि सेक्रेटरींनी खाकरावं. असं करत करत कपाळ शेंदरी झालं. एक डोळा मोठा, दुसरा त्याहून मोठा. तोंडाच्या जागी शिक्क्याच्या शाईचा जांभळा चौकोन आला. आणि वर उगारलेलं बोट डोक्यापेक्षा उंच होऊन चित्राच्या वरच्या कडेला टेकलं. मी काही ठरवलं नव्हतं. वर पाहायला मला धीर होत नव्हता, म्हणून मी बरंचसं न पाहताच काढत होतो.

"बघू तरी," ते उठताना म्हणायचे.

"पूर्ण झाल्याशिवाय दाखवायचं नसतं," मी फडकं टाकत म्हणायचो. "नियम आहे."

'नियम' म्हटल्यावर ते लगेच मागे सरायचे.

चित्र बाईंना दाखवायला न्यायचं, तर ते ओलं. तैलरंग वाळायला वेळ घेतो, हे पुस्तकात होतं. तोवर तो दिसेल त्याला चिकटतो, हे नव्हतं. लिफ्टमध्ये मी चित्र छातीशी धरून कोपऱ्यात उभा राहिलो. तेवढ्यात इंजिनियर पांढरा शर्ट घालून घाईघाईत आत शिरले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. खाली पोहोचल्यावर लिफ्टला एक झटका बसला, ते किंचित मागे आले, मग "येतो हं," म्हणून निघून गेले. त्यांच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये, सेक्रेटरींचा डावा कान होता. चांगला उठला होता. मी हाक मारायला तोंड उघडलं, पण काय म्हणून हाक मारायची ते सुचेपर्यंत गाडी गेली होती.

संध्याकाळी जिन्यात ते म्हणाले, "काय कळत नाही, आज ऑफिसात सगळे माझ्या मागे फार हळू बोलत होते."

वर्गात मात्र वेगळंच घडलं. बाईंनी फडकं काढलं आणि त्यांचा हात तसाच राहिला. "काका! हे कोणी केलं?"

माझ्या तोंडून सवयीने "चूक झाली" असं निघणार होतं. "मी," मी म्हणालो.

"यांना डावा कान नाही."

"तो ऑफिसला गेला."

त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. "कसली भीती आहे ही! इतकी स्वच्छ भीती मी या वर्गात पाहिली नाही."

दंतवैद्य उठून आले. त्यांनी चष्मा काढून पाहिलं, मग घालून पाहिलं. "मी रोज बघतो ही," ते हळूच म्हणाले. "पण मला वाटायचं ती फक्त माझ्याकडेच येते."

मी लाल रंगाची ट्यूब शोधू लागलो, कारण बोटाजवळ बरंच काही सरकवायला हवं होतं. बाईंनी ट्यूब उचलून आपल्या खिशात घातली. "राहू दे," त्या म्हणाल्या. "कशालाच हात लावू नका."

आजवर मी काही करून दाखवलं आणि कोणी 'राहू दे' म्हणालं, असं झालेलं नव्हतं. जिना उतरताना मी शिंकायचंसुद्धा विसरलो.

हा आनंद आमच्या मजल्यापर्यंत टिकला. तिथे सभेची नोटीस लागली होती. विषय एक: मागील वृत्तांत. विषय दोन: तैलचित्राचे अनावरण. ते चित्र भर सभेत उघडणार, आणि तो जांभळा चौकोन सेक्रेटरी पाहणार!

मी दुरुस्तीला बसलो. पुढच्या काही दिवसांत कपाळ माणसाच्या रंगाचं केलं. डोळे एका मापाचे केले. बोट रंगाखाली झाकून टाकलं. चौकोनाला दोन्हीकडून वर वळवून स्मित आणलं. सेक्रेटरींना मी स्मित करताना पाहिलेलं नाही, तेव्हा ते पेपरातल्या दातांच्या जाहिरातीवरून घेतलं. शेवटी एकही खूण करायला जागा उरली नाही.

बायको चहा घेऊन आली. "परवाचं कुठे गेलं?"

"तेच आहे. दुरुस्त केलं."

तिने कप टेबलावर ठेवला. "परवा मी अशीच चहा घेऊन आले आणि ते बघून दचकले. चहा बशीत सांडला. इतक्या वर्षांत तुम्ही केलेलं काही बघून मी पहिल्यांदा दचकले हो. मला वाटलं, चला, हे आमच्या ह्यांचं. आणि आज बघते तर साहेबांना पावडर लावून ठेवलीय!"

"पण ते रागावतील."

"रागावतील. नोटीस लावतील. काय करतील आणखी?"

"सभेत सगळ्यांसमोर—"

"आणि ताईला मी काय सांगू? हे काय करतात? तर जाहिरातीतले दात काढतात, असं?"

मी चहा प्यायलो. समोर सेक्रेटरी हसत होते, आणि ते हसणं मला कुठेच भेटलेलं नव्हतं. साडूंना 'मी चित्र काढतो' असं लिहिलं असतं, तर ते वाक्य शुद्ध ठरलं असतं, पण खरं नाही. मी खरवडायची सुरी घेतली. ती एवढ्या मोठ्या चेहऱ्याला पुरेना, तेव्हा बायकोने स्वयंपाकघरातून उलथनं आणून दिलं. नवा रंग ओला होता, खालचा एव्हाना घट्ट झाला होता. स्मित सालीसारखं निघून आलं. मग दात. मग त्याखालून हळूहळू तो जांभळा चौकोन वर आला, आणि माझ्या पोटात नेहमीचा गोळा आला. म्हणजे चित्र जागेवर होतं. मी उलथनं खाली ठेवलं.

सभा तळमजल्यावर, गाड्यांच्या मधल्या जागेत भरली. इंजिनियरांची गाडी लिफ्टच्या दारात आडवी लावलेली होती, म्हणून लोक तिला वळसा घालून येत होते. मागील वृत्तांत कोणीच ऐकला नाही. मग सेक्रेटरींनी स्वतः पुढे होऊन दोन बोटांनी फडकं ओढलं.

मागे उभे होते ते पुढे आले, पुढे होते ते मागे सरले.

"अगं बाई!" समोरच्या काकू म्हणाल्या. "त्यापेक्षा माझं दार केलं असतं तर!"

"हा रंग मी कुठेतरी पाहिलाय," इंजिनियर पुटपुटले.

सेक्रेटरी चित्राच्या अगदी जवळ गेले. मग मागे आले. मग पुन्हा जवळ गेले.

"हे बोट माझं?"

"हो."

"एवढं मोठं?"

"मला एवढं दिसतं."

"आणि हा चौकोन?"

"शिक्का."

ते माझ्याकडे वळले. आवाज आणखी बारीक झाला होता. "तुम्ही मला घाबरता?"

सुटायला वाट होती. 'ती एक शैली आहे,' असं म्हणता आलं असतं; ते जाड पुस्तक मी काखेत धरूनच उभा होतो. मागे बायको होती. तिने मागूनच ते पुस्तक माझ्या काखेतून काढून घेतलं.

"हो," मी म्हणालो. "फार."

"कधीपासून?"

"कुंड्यांच्या नोटिशीपासून."

"तुम्ही कुंड्या आत घेतल्या होत्या?"

"त्याच दुपारी. न्हाणीघरात."

सेक्रेटरींनी रुमाल काढला आणि चष्मा पुसायला घेतला, मग चष्म्याऐवजी डोळेच पुसले. "इतकी वर्षं नोटिसा लावतोय," ते म्हणाले. "लोक कोपरा फाडून त्यावर सामानाची यादी करतात. गाड्या हव्या तिथे लावतात. मी ओरडतो, तर मुलं मला टाटा करतात. घरी सांगितलं होतं, आता बास, आपल्याला कोणी जुमानत नाही, सोडतो हे पद. आणि माझ्याच इमारतीत..." त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "माझ्याच इमारतीत एक माणूस कुंड्या न्हाणीघरात नेऊन बसला होता!"

मग ते ताठ झाले. उजवं बोट वर गेलं. मागे चित्रात तेच बोट, पुढे हे. दोन बोटं एकदम पाहायची वेळ लोकांवर पहिल्यांदाच आली होती.

"ती लिफ्टसमोरची गाडी कोणाची?"

"माझी," इंजिनियर चटकन म्हणाले आणि किल्ली शोधू लागले.

"विषय तीन," सेक्रेटरी म्हणाले. "मी पुन्हा उभा राहतोय."

विरोधात कोणी उभं राहिलं नाही. चित्र प्रवेशद्वारासमोरच्या खांबावर लागलं, आत येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या डोळ्यांसमोर. तेव्हापासून गाड्या एका रांगेत उभ्या असतात आणि त्यांचे मालक माझ्याशी बोलत नाहीत. काकू तेवढ्या बोलतात, पण दाराविषयीच. मला स्वतःला खांबाकडे पाहवत नाही, म्हणून मी मागच्या जिन्याने जातो. त्या जिन्याचा वापर करू नये अशी आता नोटीस लागली आहे.

त्याच आठवड्यात मी साडूंना पत्र लिहिलं. कच्चं लिहून मग पक्कं करायचा माझा शिरस्ता आहे, पण या वेळी एकदाच लिहिलं.

"साष्टांग नमस्कार. आपलं पत्र पोचलं. सध्या मी चित्र काढतो. एक पूर्ण झालं आहे आणि त्यामुळे इमारतीतली निम्मी माणसं माझ्यावर नाराज आहेत. आता दुसरं हाती घ्यावं म्हणतो. आपण दोघं इकडे येऊन थोडे दिवस राहा. मला समोर बसायला माणूस हवा आहे. माझ्या पद्धतीत चेहरा जमण्याची गरज नसते, फक्त त्या माणसाविषयी आतून काहीतरी दाटून यावं लागतं. आपलं पत्र आल्यापासून त्याची मला मुळीच कमतरता नाही."

बायकोने उभ्या उभ्या वाचलं. ओठ घट्ट मिटले, पण खांदे हलत होते. "कळेल ना हो भाऊजींना?"

"कळलं तर येणार नाहीत. नाही कळलं तर येतील. दोन्हीकडून बरंच आहे."

"मग आधी पेटीत टाकून या. वाचत बसू नका."

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत मी पाकीट टाकलं. ते आत पडल्याचा आवाज झाला, आणि त्याबरोबर मला वाटलं की 'मुळीच' तेवढं काढायला हवं होतं. हात आपोआप फटीकडे गेला. पण फट फार अरुंद होती. बोटांच्या पुढे काही आत जाईना.

ती कोणीतरी माझ्यासारख्यांचा पुष्कळ विचार करून केलेली दिसली.